अल्टोचा क्लच घसरतोय, हातात सात हजार आहेत: नुसती प्लेट टाकू की पूर्ण सेट?

खानापूरवाला

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ची अल्टो, पेट्रोल, लाख किलोमीटरच्या जवळ आलीय. क्लच पहिल्यापासून तोच. रोजचं खानापूर-बेळगाव, शिवाय सासुरवाडी गोव्यात साखळीला, त्यामुळं चोर्ला घाट नेहमीचाच. अलीकडं साखळीहून परत येताना चढ लागला की तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतं ओरडतं, वेग काही वाढत नाही. मागच्या खेपेला वरच्या वळणांवर करपल्याचा वास आत आला आणि पोरगी विचारायला लागली, "बाबा, काय जळालंय?"

बेळगावातल्या एका मोठ्या वर्कशॉपनं साडेअकरा हजारांचं इस्टिमेट दिलं. आमच्या इकडचे मिस्त्री म्हणतात, नुसती प्लेट टाकू, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आहे तीच राहू दे, साडेतीन हजारांत बसवतो. तिसऱ्यानं सांगितलं, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेरिंग असा पूर्ण सेट घालणार नसाल तर मी हात लावत नाही. जूनमध्ये पोरीच्या कॉलेजची फी भरायचीय, त्यामुळं या कामाला माझ्याकडं सात हजार आहेत. त्याच्यावर रुपया नाही.

पैसे कुठं वाचवावेत आणि कुठं वाचवू नयेत, एवढंच विचारायचंय. सामान बेळगावात घ्यावं की कोल्हापुरातून आणावं? स्क्रॅपमधली प्रेशर प्लेट बसवून कुणाची गाडी नीट चाललीय का?

नवा_परवाना

केबल बघितली का आधी? आमच्या मामांच्या गाडीला नुसती केबल सेट करून काम झालं होतं.

वडगावचा_मिस्त्री

नवा_परवाना बरोबर सांगालेत, सुरुवात तिथनंच करायची. गिअरबॉक्स खाली घ्यायच्या आधी, तो घ्यायची गरज आहे काय हे नक्की करा. मजुरी तिथंच जाते.

या अल्टोचा क्लच केबलवर चालतो. पेडल हातानं दाबून बघा. सुरुवातीला थोडं मोकळं जायला पायजे, मग जोर लागायला पायजे. प्लेटवरचा घासणारा थर, म्हणजे लायनिंग, झिजत जाईल तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडं, म्हणजे इंजिनच्या जड चाकाकडं सरकते, तिच्या मधली स्प्रिंगची टोकं, म्हणजे फिंगर, पेडलनं सरकणाऱ्या रिलीज बेरिंगकडं येतात आणि पेडलचं मोकळं अंतर कमी होत जातं. ते पूर्ण संपलं की तुमचा पाय पेडलवर नसला तरी बेरिंग फिंगर दाबून धरतंय. म्हणजे क्लच कायमचा थोडा दाबलेलाच. मग चढाला घसरणारच की. बॉनेट उघडा, गिअरबॉक्सवर क्लचचा लिव्हर आहे, तिथं केबलच्या टोकाला नट आहे. तो थोडा सैल करून मोकळं अंतर आणा. एवढ्यानं घसरायचं थांबलं तर पोरीची फी भरा आणि गाडी चालवा. नट पार शेवटाला आला असेल, सैल करायला आटेच उरले नसतील, तर प्लेट संपली म्हणायची.

दुसरी परीक्षा. सपाट मोकळी जागा, पुढं मागं माणूस नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका, जरा रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. पेडल सोडूनसुद्धा इंजिन चालूच राहिलं तर घसरतोय. हे एकदाच करायचं ओ. चार-चार वेळा कराल तर उरलीसुरली प्लेटपण जाईल.

आणि आवाज ऐका. पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेरिंग. पेडल सोडल्यावर आवाज आणि दाबलं की गप्प, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेरिंग, आणि ते क्लच सेट बदलून जात नाही. गाडी सोडताना थरथर मारत असेल तर लायनिंगला ऑइल लागलंय काय बघायला पायजे. हे सगळं बघून परत इथं लिहा.

चंदगडची_ओम्नी

माझा अनुभव सरळ आहे. ओम्नीतून भाजी घेऊन शिनोळीमार्गे बेळगावच्या एपीएमसीला जातो. वजन किती असतं ते विचारू नका. नुसती प्लेट बदलत आलोय, प्रेशर प्लेट कंपनीतून आली तीच आहे. गाडी चालते, पोट भरतं. पूर्ण सेट, पूर्ण सेट म्हणून गरिबाला घाबरवायची पद्धत पडलीय. झिजतं ते लायनिंग. प्रेशर प्लेट लोखंडाची आहे, ती कुठं जातेय?

वडगावचा_मिस्त्री

चंदगडकर, तुमचा राग कळतो मला. पण ओम्नीचं इंजिन उभं, मागच्या चाकांना प्रॉपेलर शाफ्ट. शाफ्ट सोडला की गिअरबॉक्स मागं ओढून खाली येतो. अल्टोला पुढची चाकं फिरवणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, गिअर ऑइल काढायचं, इंजिनला खालून टेकण द्यायचं. तुम्हाला पुन्हा उघडायचा खर्च कमी, त्यांना जास्त. म्हणून दोघांचं गणित एक होत नाही.

आणि लोखंड झिजत नाही, मान्य. पण तापलं की वाकतं. सारखा घसरलेला क्लच असेल तर प्रेशर प्लेटच्या तोंडावर निळे-जांभळे डाग दिसतात, बारीक चिरा दिसतात. दाब देणाऱ्या डायफ्राम स्प्रिंगचा ताण उष्णतेनं मरतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. त्यांची गाडी घाटात करपल्याचा वास येईपर्यंत घसरलीय. तिथं जुनी प्रेशर प्लेट ठेवायला मी तरी सांगणार नाही.

चंदगडची_ओम्नी

उघडून बघितल्याशिवाय सांगणार नाही म्हणा. मग मी मान्य करतो.

वडगावचा_मिस्त्री

होय, तसंच म्हणतो. उघडल्यावर मालकाला दाखवायचं, मग ठरवायचं. फिंगरची टोकं सगळी एका उंचीला आहेत काय, बेरिंगनं त्यांच्यावर खोल चर पाडलाय काय, तोंडावर स्टीलची फूटपट्टी उभी धरली तर खालून उजेड दिसतो काय. हे बघायला कुठलं मशीन लागत नाही. तिन्हीत पास झाली, डाग नाहीत, आणि घसरायला लागल्या लागल्याच गाडी आणली असेल, तर जुनी ठेवून नुसती प्लेट आणि बेरिंग घाला. मीसुद्धा घालतो.

चिकोडी_काउंटर

आमचं सुट्या भागांचं दुकान आहे, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो.

खानापूरवाला, २०१२ची अल्टो म्हणजे नक्की कुठली? हा प्रश्न दुकानदारानं विचारला नाही तर दुकान बदला. त्या वर्षी जुनी ७९६ सीसीची अल्टो होती, २०१०ला आलेली के-१० होती, आणि ऑक्टोबर २०१२मध्ये अल्टो ८०० आली. "अल्टो २०१२" एवढ्यावर सामान मागितलं की चुकीचा डबा हातात पडतो. आरसीची झेरॉक्स नाहीतर चेसिस नंबर घेऊन जा. सगळ्यात उत्तम म्हणजे जुनी प्लेट हातात घेऊन जा आणि नवीच्या शेजारी ठेवून व्यास आणि मधले दाते मोजा.

सेट घेताना डबा काउंटरवरच उघडायला लावा. काही सेटमध्ये प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेरिंग तिन्ही येतात, काहींत बेरिंग नसतं. किंमत ऐकून खूश व्हायच्या आधी हे बघा. या छोट्या गाडीचा तिन्ही भागांचा नामांकित सेट आमच्याकडं साधारण तीन ते चार हजारांत जातो. मारुतीचा जेन्युइन, व्हॅलिओ, लूक, एक्सेडी ही नावं चालतात. औरंगाबादच्या जुन्या सीके डायकिनचं नाव पुढं एक्सेडी इंडिया झालं, त्यामुळं जुने मिस्त्री अजून सीके म्हणूनच मागतात.

नक्कल ओळखायची तर डब्यावरची छपाई, एमआरपी आणि पार्ट नंबर बघा, आणि तोच नंबर आतल्या भागावर ठोकलाय का बघा. रिव्हेट एका ओळीत, एका खोलीला असायला पाहिजेत. हबच्या स्प्रिंगा हातानं हलवल्या तर खुळखुळता कामा नयेत. अर्ध्या किमतीत मिळणारी प्लेट मी विकत नाही, कारण गिऱ्हाईक महिन्यात परत येतं आणि मजुरी कोण देणार यावर काउंटरवर भांडण होतं.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बहुतेक भागांवर २८ टक्के होता. जुन्या छापील किमतीचा डबा कुणी त्याच भावात देत असेल तर विचारा. आणि बिल घ्या. बिल नसेल तर वॉरंटीसुद्धा नाही.

कोल्हापूरचा_पांढरा_रस्सा

भावांनो, सरळ कोल्हापूरला या! उद्यमनगरात फिरा, सामान घ्या, जेवून जावा. क्लचचं दुःख तांबड्या रश्श्यात विसराल.

नवा_परवाना

जेवणाचे सात हजारांतनंच जाणार ना पण?

चिकोडी_काउंटर

पांढरा रस्सा, या कामासाठी नको. बेळगाव ते कोल्हापूर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, हत्तरगी आणि कोगनोळीला टोल, आणि घसरत्या क्लचनं वंटमुरी आणि तवंदीचा चढ. दोनशे रुपये वाचवायला हजार घालवायचे. कोल्हापुरातच दुसरं काम असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर फोनवर भाव विचारा, तोच आकडा बेळगावच्या दुकानात सांगा. बहुतेक दुकानदार जुळवून देतात, मीही देतो.

खानापूरवाला

सगळ्यांचे आभार, मनापासून. मिस्त्री, तुम्ही सांगितल्याप्रमाणं केलं. केबलच्या नटाला आटे उरलेलेच नाहीत, पार टोकाला आहे. हँडब्रेक ओढून तिसऱ्याला सोडलं तर इंजिन निवांत चालूच राहिलं. घरघर नाही, पण गाडी सोडताना पहिल्या गिअरला थोडी थरथर आहे. काउंटरसाहेब, चेसिस नंबरावरून विचारलं, माझी जुनी ७९६ सीसीचीच निघाली.

म्हणजे गिअरबॉक्स खाली येणार हे आता नक्की.

उद्यमबाग_लेथ

थरथर वाचली म्हणून लिहितोय. सेटवर सगळे बोललात, फ्लायव्हीलवर कुणीच नाही.

प्लेटच्या एका अंगाला प्रेशर प्लेट, दुसऱ्या अंगाला फ्लायव्हील. नवी प्लेट जुन्या खरबरीत फ्लायव्हीलवर बसवली तर निम्मंच काम झालं. गिअरबॉक्स उतरला की फ्लायव्हीलच्या तोंडावरनं नख फिरवा. चर लागला, निळे डाग दिसले, तर खोलून लेथवर फेसिंग मारून, म्हणजे तोंड सपाट करून घ्या. आमच्या उद्यमबागेत त्याचे तीनशे-चारशे रुपये होतात. बेळगावात राहून हे काम टाळणं म्हणजे नदीकाठी तहानलेलं राहणं. फौंड्र्या आणि मशीन शॉप इथं दारोदार आहेत, मच्छेकडंही आहेत.

फक्त तीन गोष्टी सांभाळा. खोलायच्या आधी फ्लायव्हील आणि क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावर, एकमेकांसमोर पंचनं खूण करा, म्हणजे होतं त्याच जागी परत बसेल. डाग जाईपर्यंतच कट घ्यायला सांगा. जास्त घेतलं तर फ्लायव्हील पातळ होतं, आणि चिरा खोल असतील तर लेथवर वेळ घालवू नका, बदलायलाच पाहिजे. तिसरं, फ्लायव्हीलच्या कडेला असलेल्या रिंग गिअरचे दाते बघा. इंजिन बंद पडताना ठरावीक जागीच थांबतं, त्यामुळं स्टार्टरचा मार ठरावीक दात्यांवरच बसतो. तिथले दाते खाल्लेले असले तर रिंग तापवून काढायची आणि फिरवून बसवायची. लेथवाला ओळखीचा असेल तर त्याच फेऱ्यात होऊन जातं.

वडगावचा_मिस्त्री

लेथवाल्यांनी लाखाची गोष्ट सांगितली. त्यात माझी एक भर. थरथर आहे म्हणजे क्रँकच्या मागच्या ऑइल सीलकडं बघायलाच पायजे. सील पाझरत असेल तर ऑइल थेंब थेंब लायनिंगवर उडतं, आणि तुमचा नवा सेटसुद्धा काही महिन्यांत बाद. सील अडीचशे-तीनशेचं. गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील खाली असताना ते बदलायला फार वेळ जात नाही. नंतर बदलायचं म्हटलं तर पूर्ण मजुरी दुसऱ्यांदा. इथं पैसे वाचवू नका. बेरिंगचंपण तसंच.

स्क्रॅपच्या प्रेशर प्लेटचं विचारलं होतं. आरसा, दरवाजा, सीट स्क्रॅपमधनं खुशाल आणा. प्रेशर प्लेट नको. ती कुठल्या घाटात किती तापलीय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

अथणी_ऊस

प्लेटला नवं लायनिंग रिव्हेट मारून बसवायचं कुणी बोललं नाही. आमच्याकडं ट्रॅक्टरला तेच करतात. ऊस सुरू झाला की दोन ट्रॉल्या भरून रांगेत तासन्तास पुढं-थांब, पुढं-थांब. क्लचचा जीव जातो. अथणीत लायनिंग मारणारे आहेत, निम्म्यात काम होतं. कारला का चालू नये?

चिकोडी_काउंटर

अथणीकर, ट्रॅक्टरची प्लेट मोठी आणि महाग, म्हणून लायनिंग परवडतं. छोट्या कारची नवी प्लेट दीड हजारांच्या आत येते. लायनिंगची मजुरी आणि जुन्या हबच्या स्प्रिंगा ढिल्या, यात हाती काही राहत नाही. शिवाय कारची प्लेट फार वेगानं फिरते, रिव्हेट सुटलं तर आत सगळा चुरा.

टिळकवाडी_वाचक

मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण अथणीकर दादांनी लायनिंगचं काढलं म्हणून एक काळजीची गोष्ट सांगते. माझे वडील एका वर्कशॉपमध्ये ब्रेक-क्लचचंच काम करायचे, म्हातारपणी छातीनं फार त्रास दिला. जुन्या आणि हलक्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. क्लचचं घर उघडलं की आतली काळी भुकटी हवेच्या पाइपनं फुर्रकन उडवायची सवय सगळीकडं आहे, आणि चहा घेऊन आलेला पोरगा तिथंच उभा असतो. कृपा करून ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क लावा. मालक म्हणून गाडीजवळ उभे असाल तर तुम्हीच सांगा. याला पैसे लागत नाहीत.

वडगावचा_मिस्त्री

ताई, पटलं. आमच्या पोरांना उद्यापास्नं हवा मारू देत नाही. ओला कपडा आणि ब्रेक क्लीनर, एवढंच.

टिळकवाडी_वाचक

फार बरं वाटलं, दादा.

आता क्लच टिकवायचं विचारते. सकाळी शाळेच्या वेळेला टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर थांबावं लागतं. गेट उघडलं की सगळे एकदम घुसतात, आणि मी हाफ क्लचवर इंच इंच सरकत असते. हे चुकीचं असेल तर बरोबर काय?

वडगावचा_मिस्त्री

गेट बंद असताना न्यूट्रल, पाय पेडलवरनं पूर्ण बाजूला, शक्य असेल तर इंजिन बंद. पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसलात तर बेरिंग विनाकारण फिरत राहतं. गेट उघडल्यावर पुढच्या गाडीला थोडी पुढं जाऊ द्या, मग पहिल्यात क्लच पूर्ण सोडून जा आणि थांबा. इंच इंच सरकण्यात प्लेट सतत घासत राहते. मागचा हॉर्न मारतोय म्हणून घाई करायची नाही. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा. आणि चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल तर आजच सोडा, ट्रॅव्हल्सवाल्यांच्या गाड्यांचे निम्मे क्लच त्याच कारणानं गेलेले मी बघितलेत.

कोल्हापूरचा_पांढरा_रस्सा

आणि घाट उतरताना सरळ न्यूट्रल मारायचा की! क्लचपण वाचतोय, पेट्रोलपण.

चंदगडची_ओम्नी

पांढऱ्या, हे कुणाला सांगू नकोस रे बाबा. आंबोली, तिलारी, चोर्ला हे आमचे रोजचे घाट आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अडसर निघून जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून मऊ पडले की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. पावसाळ्यात धुकं आणि वरून हे. भाजीच्या गाड्या दरीत गेलेल्या आम्ही डोळ्यांनी बघितल्यात. ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर उतरायचं, हे बापानं शिकवलं. पेट्रोलचं म्हणशील तर इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन जवळजवळ पेट्रोल घेतच नाही. न्यूट्रलला उलट घेतं.

कोल्हापूरचा_पांढरा_रस्सा

पेट्रोलचं खरंच माहीत नव्हतं. सोडलं बघा न्यूट्रल. येताना चंदगडचे काजू आणा.

नवा_परवाना

खानापूरवाले काका, झालं का काम?

खानापूरवाला

झालं. काल संध्याकाळी गाडी घरी आणली, आज सविस्तर लिहितो.

आमच्या इकडच्याच मिस्त्रींकडं केलं, पण अट आधीच घातली: सामान माझं, मजुरी तुमची, आणि उघडल्यावर मला दाखवल्याशिवाय पुढं जायचं नाही. ते अजिबात रागावले नाहीत. दुकानदारानं न वापरलेले भाग परत घ्यायचं बिलावर लिहून दिलं होतं.

गिअरबॉक्स उतरल्यावर प्लेट हातात आली. एका बाजूचं लायनिंग रिव्हेटच्या डोक्याबरोबर सपाट झालेलं, दुसऱ्या बाजूला रिव्हेटची पितळ चमकत होती आणि फ्लायव्हीलवर तिनं गोल रेघ पाडलेली. प्रेशर प्लेटवर निळे डाग. मिस्त्रींनीच फूटपट्टी लावली आणि म्हणाले, "न्हाई ओ, ही चालायची न्हाई." त्यांनीच आधी नुसती प्लेट टाकू म्हटलं होतं, पण बघितल्यावर मत बदललं. मला त्यांचं हे फार आवडलं. क्रँक सीलच्या खाली ओलं होतं, म्हणजे थरथर त्याचीच.

फ्लायव्हील उद्यमबागेत स्वतः घेऊन गेलो, तासाभरात फेसिंग करून दिलं. हिशेब असा: तीन भागांचा सेट ३,१००, क्रँक सील २५०, गिअर ऑइल आणि ड्राइव्ह शाफ्टची सीलं ७००, फेसिंग ४००, मजुरी २,०००. एकूण ६,४५०. गिअर ऑइलचा खर्च इथं कुणी बोललं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितो. ड्राइव्ह शाफ्ट काढला की ते बाहेर येतंच, त्यामुळं ज्यांना हे काम करायचंय त्यांनी आधीच धरा.

बसवताना बघितलेलं सांगतो. प्लेट मधोमध बसावी म्हणून मिस्त्रींनी जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा डमी म्हणून घातला, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेले, आणि प्लेटला हात लावायच्या आधी हात साबणानं धुतले. प्लेटच्या मधल्या दात्यांना ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.

वडगावचा_मिस्त्री

तुमच्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. हात धुणारा मिस्त्री सोडू नका.

आता पहिले पाचशे-सातशे किलोमीटर खानापूर-बेळगावच करा. लायनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांना बसायला पायजेत. जोरात सोडायची नाही, भरून चढाला घालायची नाही. साखळीला जायचंच असेल तर बसनं जा. तेवढं चालल्यावर केबलचं मोकळं अंतर पुन्हा एकदा बघून घ्या.

खानापूरवाला

सासूबाईंना फोन करून सांगितलं, त्याच इकडं येतायत.

अथणी_ऊस

धागा संपायच्या आधी माझं एक. भावाच्या जीपला केबल नाही, हायड्रॉलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणारा क्लच आहे. सकाळी पेडल नुसतं खाली जाऊन बसतं, दोन-तीनदा पंप मारला की गिअर पडतो. गॅरेजवाला सेट बदला म्हणतोय, मोठा आकडा सांगितलाय.

वडगावचा_मिस्त्री

सेटला हात लावू नका अजून. पेडल खाली बसणं आणि पंप मारल्यावर काम होणं हे फ्लुइड गळतंय किंवा हवा शिरलीय याचं लक्षण. बाटलीतली पातळी बघा. मग पेडलच्या मागं मास्टर सिलिंडरजवळ, आणि गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर बूट उचलून ओलं आहे काय बघा. ओलं असेल तर सील किट घालून हवा काढली की बहुतेक वेळा काम होतं, काही शेकड्यांत. सिलिंडर आतून खरवडलेला असेल तर तो बदला, तरी सेटपेक्षा स्वस्त. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या घराच्या आतच असतो, तसं असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागणार, मग क्लच सेटही त्याच वेळी बघून घ्या.

झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलंय ते वाचून तेच फ्लुइड घाला, इंजिन ऑइल चुकूनही नाही, रबरं फुगतात. बाटली सीलबंद घ्या. गॅरेजात उघडी पडलेली घालू देऊ नका, ते फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं.

अथणी_ऊस

बूट उचलून बघितलं. स्लेव्हजवळ चांगलंच ओलं आहे. सील किट आणायला भाऊ आत्ता निघालाय.